मामंजींचे पाय

"थांब," मामंजी म्हणाले.

मी चाकाची खुर्ची थांबवली.

"जरा म्होरं घे. हितं ऊन लागतंय."

त्या वाटेवर ऊन कुठून लागणार? कुणा इंग्रज कलेक्टरानं सांधेदुखीच्या साहेबलोकांना फिरायला म्हणून ती नदीकाठानं आखली होती. दुतर्फा उंडी आणि करंज लावले होते. इतक्या वर्षांत ती झाडं वर एकमेकांत अशी गुंतली होती की भर दुपारी खाली दिवेलागण झाल्यासारखं वाटे. एका अंगाला चिऱ्याची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला नदी. आरोग्यभवनाच्या मागच्या दारापासून वाट निघायची आणि बंधाऱ्याजवळ एका लोखंडी फाटकापाशी संपायची. फाटकापलीकडे एसटीचा थांबा होता. गाडी यायची, हॉर्न वाजायचा, माणसं चढायची, गाडी निघून जायची. मी फाटकाला खुर्ची टेकवायची, वळवायची आणि पुन्हा मागं ढकलत आणायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ऊनवलीला येणारे लोक त्या सावलीचं कौतुक करत. मला तिथं श्वास पुरत नसे.

ऊनवली म्हणजे घाटाखालचं गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. काळ्या दगडांत बांधलेली कुंडं फार जुनी. नंतर एका पारशी शेटनं तिथं आरोग्यभवन बांधलं. गावभर गंधकाचा वास. भाताला तो, चहाला तो, डोक्याखालच्या उशीलाही तोच. माझी चांदीची जोडवी तिथं आल्यावर आठवड्याभरात काळी पडली होती.

आम्ही दिवाळीनंतर आलो होतो. मामंजी, म्हणजे माझे सासरे रंगराव, कोल्हापुरातले लाकडाच्या वखारीचे मालक. श्रावणात घरच्या जिन्यावरून पडले आणि कमरेखाली पायांतली ताकद गेली. हाड जुळलं, पण पाय उचलेनात. मिरजेच्या डॉक्टरांनी गरम पाण्याच्या कुंडाचं सुचवलं. माझ्या नवऱ्यानं मला सोबत धाडलं. त्याचं नाव घ्यायला आता मला काही वाटत नाही. प्रताप. एसटीत बसवताना तो खिडकीशी येऊन म्हणाला होता, "तुझ्यापायी पडलेत. आता चालायला लागले की घेऊन ये. तोवर तोंड दाखवू नको."

माझ्यापायी, हे खरं होतं. निदान तेव्हा मला ते खरं वाटत होतं. त्या दिवशी भावाच्या साखरपुड्याला जाऊ का, असं मी विचारलं होतं. प्रतापनं मला मारलं आणि माडीवरच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. मी जमिनीवर पडून होते. जिन्यावर पावलं वाजली. मग प्रतापचा आवाज, झटापट, आणि काहीतरी गडगडत खाली गेलं. नंतर मला सांगण्यात आलं की मामंजी माझी कानउघाडणी करायला वर येत होते आणि पायरीवरून घसरले. मला ते पटलं. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि मामंजी माझ्या बाजूनं कधी एक शब्द बोलले नव्हते. प्रतापचा हात चालू झाला की ते सोप्यात बसून रेडिओचा आवाज वाढवायचे. शेजाऱ्यांना वाटे, रंगरावांना बातम्यांचं भारी वेड.

तर अशा माणसाची खुर्ची मी ढकलत होते. पुरुषांच्या कुंडावर आरोग्यभवनाचा गडी त्यांना न्हाऊ घाली. बाकी सगळं माझ्याकडे. पायांना तेल चोळायचं, जेवण भरवायचं नाही पण पुढ्यात बसायचं, फिरवायचं. ते बोलायचे ते इतकंच. थांब. म्होरं घे. शाल दे. एखाद्या दिवशी तेवढंही नाही.

मला सुटायचं होतं, पण सुटून जायचं कुठं? मामंजी चालायला लागले तर मला कोल्हापूरला जावं लागणार होतं, त्या माडीवर. नाही लागले तर ही वाट होतीच. माहेरी फक्त थोरला भाऊ, आणि त्यानं आधीच सांगितलं होतं, "दोन दिवस पाहुणी म्हणून ये." रोज दुपारी त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावताना मी दाबून बघायची, ताकद येतेय का. आणि ती यावी की येऊ नये, हे माझं मलाच समजत नसे.

दुपारी माझी तासभर सुटका असायची. मामंजी म्हणायचे, "मला सावलीत ठेव आन् जा तू कुंडावर." वाटेच्या मध्यावर एक वळण होतं. तिथं मी खुर्ची लावायची आणि बायकांच्या कुंडावर जायची. तिथं म्हाताऱ्या बायका असत. कुणाला हात धरून पायऱ्या उतरवायच्या, कुणाची पाठ शेकायची. ते मी आपणहून करायला लागले होते. आरोग्यभवनाच्या मेट्रन पिलूबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या असत. एकदा म्हणाल्या, "तुझा हात सारा हाय, पोरी. म्हाताऱ्या बायका तुलाच मागते." 'सारा' म्हणजे चांगला. त्यांच्या मराठीत गुजराती अशी मधूनमधून डोकवायची.

होळीच्या आधीचा बुधवार होता. मी कुंडावर गेले तर कुंड रिकामं. तळ साफ करायला पाणी सोडून दिलं होतं. मी तशीच परत फिरले. वळणावर आले. खुर्ची होती, शाल होती, मामंजी नव्हते.

आधी नदीकडे बघितलं. काठावरची माती कुठं ढासळलीय का, पाण्यात काही दिसतंय का. मी फाटकाच्या दिशेनं धावले आणि बंधाऱ्याच्या अलीकडे थबकले.

मामंजी चालत होते.

दोन्ही हात पाठीमागं बांधून, वखारीत ओंडके मोजत फिरायचे तसे. डावा पाय किंचित ओढत होते, पण चालत होते. फाटकापर्यंत गेले. गजांना धरून पलीकडं उभ्या असलेल्या एसटीकडे बघत राहिले. मग वळले. मी उंडीच्या बुंध्याआड झाले. ते माझ्यासमोरून गेले, त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला. खुर्चीपाशी जाऊन बसले, शाल पायांवर पसरली, टोकं नीट खोचली.

मी थोड्या वेळानं गेले.

"लौकर आलीस?" ते म्हणाले.

"कुंड बंद होतं."

"हं. चल मग."

मी खुर्ची ढकलली. वजन तेवढंच होतं, पण त्या दिवशी ती मला ढकलवेना.

दोन दिवस मी काही बोलले नाही. तेल लावलं, शाल दिली, खुर्ची ढकलली. माझ्या मनात एकच घोळत होतं, की हा माणूस मला इथं बांधून ठेवून काय मिळवतोय? सुनेकडून सेवा करून घ्यायची हौस? की माझ्यामुळे पडला याची शिक्षा देतोय? रागानं मला अन्न गोड लागेना.

शुक्रवारी सकाळी पिलूबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "तुझ्या धणीचा ट्रंक कॉल आला होता. उद्या येते म्हणाला. तुला न्यायला." मग माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला. "खुश नाय वाटत?"

"आहे की," मी म्हटलं.

संध्याकाळी वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. वळणाच्या पुढं मी खुर्ची थांबवली.

"का थांबलीस?"

"मामंजी, उठा."

"काय?"

"उठा. बुधवारी बंधाऱ्यापाशी चालत होता, तसे चाला."

त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या टोपीची मागची कड तेवढी मला दिसत होती. ते म्हणाले, "बघितलंस व्हय."

"कधीपासून येतंय चालायला?"

"संक्रांतीपासनं."

"संक्रांतीपासून!" माझा आवाज फाटला. "आणि मी रोज ही खुर्ची ढकलतेय? रोज पाय चोळतेय? मी तुमचं काय वाईट केलंय? मारताना तुम्ही एकदा उठून आला नाहीत. आणि आता उठता येतं तर बसून राहिलात. बाप आणि मुलगा, दोघांनी मिळून मला..."

मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या दिशी मी वर कशाला येत हुतो, काय सांगितलं तुला प्रतापनं?"

"मला बोलायला."

"कडी काढाय येत हुतो."

खाली बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं. मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून उभी राहिले.

"आन् घसरलो न्हाई मी. मागनं वढलं त्यानं. सदऱ्याला धरून." ते थांबले. "माझ्या पोरानं."

"मग इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं रेडिओ मोठा करत हुतो. लाज वाटती म्हणाया, पर तसंच हाय ते. त्या दिशी लाइट गेलेली. रेडिओ बंद. समदं ऐकाय आलं, शालन. पयल्यापासनं शेवटापतुर. मग बसवंना."

त्यांनी माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. एरवी 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का.'

"हितं आल्यावर पाय सुधाराय लागलं," ते म्हणाले, "तसं ध्यानात आलं. मी उठलो की तुला त्या घरात जावं लागणार. म्हणून बसून ऱ्हायलो. दुसरं काय सुचलं न्हाई मला."

खरं तर मी तेव्हा विरघळायला हवं होतं. पण मला आणखी राग आला. तो राग मला आजही चुकीचा वाटत नाही.

"मला विचारलं नाहीत," मी म्हणाले. "तिथं त्यांनी कोंडलं, इथं तुम्ही. तिथं मारायला, इथं वाचवायला. पण शालन, तुला काय करायचंय, असं कुणीच विचारलं नाही."

झाडांच्या वर अजून उजेड असणार. खाली पूर्ण अंधारलं होतं.

"उद्या ते येताहेत. मला न्यायला," मी म्हणाले.

"ठाव हाय. पिलूबाईनं मलाबी सांगितलं. मी बसून ऱ्हातो. मला असा टाकून तुला न्हील का त्यो? न्हाई न्हेणार."

त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं, हे आवाजावरून कळत होतं.

शनिवारी दुपारी प्रताप आला. टेरिलीनचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. पिलूबाईंना वाकून नमस्कार केला, गड्यांना पेढे दिले. चारचौघांत तो असाच असायचा. लोकांना मी नशीबवान वाटायची. आम्ही वाटेवर होतो, तिथं तो लांब लांब पावलं टाकत आला.

"वा! मजा आहे की तुमची. थंडगार आहे अगदी." मग वडिलांकडे न बघता मला म्हणाला, "बाबांसाठी इथला एक माणूस ठरवलाय. उद्यापासून येईल. घराचा पार उकिरडा झालाय. बॅग भर तुझी, संध्याकाळची गाडी गाठायची आहे."

"अहो, पण मामंजींचं..."

"सांगितलं ना, माणूस ठरवलाय."

"प्रताप," मामंजी म्हणाले, "आजून महिनाभर ऱ्हाऊ दे तिला. पाय आता कुठं..."

"पायांचं बघतील इथले लोक. तुम्ही आराम करा."

त्यानं माझं मनगट धरलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नवरा बायकोचा हात धरून फिरतोय. पण त्याचा अंगठा मनगटाच्या हाडावर कसा दाबलेला असायचा, ते मला ठाऊक होतं. एका बाजूला भिंत, एका बाजूला नदी, पुढं फाटक. मी चार पावलं त्याच्यामागून गेले. पाय आपोआप निघाले. इतक्या वर्षांची सवय. मागं शालीचा आवाज झाला. शाल खाली पडल्याचा.

"हात सोड तिचा."

प्रतापनं वळून बघितलं. त्याचा अंगठा सैल पडला.

मामंजी उभे होते. खुर्चीचा आधारसुद्धा घेतला नव्हता. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन थांबले. बुधवारचं सोडलं तर पडल्यापासून मी त्यांना बसलेलंच बघत होते, त्यामुळे ते इतके उंच आहेत हे मी विसरून गेले होते.

"बाबा, तुम्ही... कधीपासून?"

ते माझ्याकडे वळले.

"शालन," ते म्हणाले, "तुला काय करायचंय?"

आदल्या दिवशी एवढी बोलले होते, पण खरोखर प्रश्न समोर आल्यावर काही फुटेना. दोघंही माझ्याकडे बघत होते. प्रताप हसला. त्याचं ते हसू मला ओळखीचं होतं.

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"काय?"

"मी येत नाही. त्या घरात मी येत नाही."

प्रतापचा हात वर गेला. उघड्यावर त्यानं कधी हात उचलला नव्हता. मामंजींनी तो वरच्या वर धरला. वखारवाल्याचाच हात होता तो, आयुष्यभर लाकूड पेललेला.

"तुला घरात मानूस पायजे न्हवं?" ते म्हणाले. "मी येतो. चल. संध्याकाळची गाडी गाठू."

"आणि ही? लोकांना काय सांगू?"

"काय सांगायचं ते सांग. फकस्त हिकडं पुन्यांदा यायचं न्हाई. आलास, तर मी जिन्यावरनं कसा पडलो ते वखारीच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगीन. आजवर कुणाला सांगितलं न्हाई. डाक्टरलाबी न्हाई."

प्रतापनं वाटेवर मागं-पुढं बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. चेहरा पांढरा पडला होता. त्याला माणसांची भीती नव्हती, माणसं काय म्हणतील याची होती.

मी म्हणाले, "मामंजी, तुम्ही नका जाऊ. तुम्हालाही ते..."

"मी गेलो न्हाई तर ह्यो परत येतोय. मी घरात असलो की ह्याच्यावर डोळा ऱ्हाईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझंच हाय ते, पोरी. मीच वाढवलंय."

त्यांनी सामानसुद्धा घेतलं नाही. नंतर पाठव म्हणाले. फाटक उघडून ते बाहेर पडले, डावा पाय ओढत. प्रताप मागून. मी गजांपाशी उभी राहिले. पलीकडे उतरत्या उन्हात गाडी उभी होती. कंडक्टरनं त्यांना हाताला धरून चढवलं. ते खिडकीशी बसले आणि मला म्हणाले, "जा आत. पिलूबाईस्नी भेट पयलं."

मला खूप बोलायचं होतं. बोलले ते एवढंच, "तेल लावत जा. रोज."

त्यांनी मान हलवली. गाडी सुटली.

पिलूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी काय पाहिलं, काय ऐकलं, मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "बाई, मला काम पाहिजे."

त्या म्हणाल्या, "काम तर तू दिवाळीपासून करते. आता पटावर नाव लिहू, बस."

मी ऊनवलीतच राहिले. पुढं पिलूबाईंनी मला मिरजेला पाठवून नर्सिंग शिकवलं आणि परत बोलावून घेतलं. कोर्टात फारकत झाली. प्रताप आला नाही, वकील आला. मामंजी त्यानंतर काही वर्षं जगले. आमची पुन्हा भेट झाली नाही. वखारीतला कुणी कुंडावर आला की निरोप यायचा, "बरी हाईस न्हवं?" तेवढाच. त्यांच्याकडच्या गोष्टी मला अशाच कानोकानी कळत. प्रतापसाठी स्थळं येत होती, चांगली. मामंजी प्रत्येक मुलीच्या बापाला वखारीत बसवून चहा पाजायचे आणि सांगायचे, "पोरगी देऊ नगा." पोटच्या पोराबद्दल. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. ते असेपर्यंत त्या घरात दुसरी मुलगी आली नाही.

ते गेले, आणि वर्षाच्या आत प्रतापनं लग्न केलं.

ते कळल्यावर मी कोल्हापूरला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शुक्रवारी बायका अंबाबाईच्या देवळात येतात, तिथं वखारीतल्या एका जुन्या गड्याच्या बायकोनं मला ती दाखवली, प्रतापची नवी बायको. नलू नाव. कोवळी पोर होती. ओवरीत मी तिच्या शेजारी बसले आणि मी कोण ते सांगितलं. ती दचकून उठायला लागली. मी म्हणाले, "मला काही विचारायचं नाही तुला. एवढंच लक्षात ठेव, ऊनवली. घाटाखाली. थांब्यावर उतरलीस की समोर फाटक आहे. दिवसा उघडंच असतं." तिनं पदर ओढून घेतला आणि माझ्याकडे न बघता चपला घालून निघून गेली. येताना गाडीत मला वाटत राहिलं, आपण उगीच गेलो.

त्यानंतर बरेच पावसाळे गेले. एका दुपारी कुंडावरच्या गड्यानं सांगितलं, कुणी बाई आलीय, तुम्हाला विचारतेय. नलू दारात उभी होती. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी, हातात पिशवी, कपाळावर सुकलेली खोक.

"ओळखलंत का?" तिनं विचारलं.

"आत ये."

ती उंबऱ्यातच थांबली. मागं वळून थांब्याकडे बघितलं. "त्यांना कळंल मी कुठं आलेय ते. ते येतील हितं."

"येऊ दे," मी म्हणाले, आणि तिच्या कडेवरची पोर माझ्याकडे घेतली.